ओळखा पाहू, मागे उभे आहे ते काय? जुनी लष्करी विमाने आणि वाहने ओळखण्याचा खेळ कसा सुरू करावा

सातारा जिल्ह्यातील बहुतेक गावांत असे एखादे तरी घर सापडते, ज्याच्या भिंतीवर गणवेशातील माणसाचा जुना फोटो टांगलेला असतो. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला असून, पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवानांनी प्राण दिले होते. फोटोतील माणसाचे नाव, हुद्दा आणि पलटण घरातील सर्वांना पाठ असते. परंतु त्याच्या मागे उभी असलेली गाडी, रणगाडा किंवा विमान कोणते, असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. साताऱ्यात आम्ही काही मंडळींनी ओळखण्याचा खेळ सुरू केला, तो याच प्रश्नातून. ज्यांना असा खेळ आपल्या घरी, वाचनालयात, शाळेत किंवा मंडळात सुरू करायचा आहे आणि ज्यांना रणगाडा व विमान यांपलीकडे फारसे काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

खेळ साधा आहे. एकाच्या हातात कार्ड असते, त्यावर एका यंत्राचे चित्र आणि माहिती असते. बाकीच्यांनी सूचना ऐकून किंवा प्रश्न विचारून ते यंत्र ओळखायचे असते. पाच-सहा माणसे, दोन डझन कार्डे आणि दीड तासाचा वेळ एवढे पुरते. परंतु हा खेळ नुसत्या पाठांतराचा झाला तर दुसऱ्याच बैठकीला नवखा माणूस येईनासा होतो, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून यंत्राकडे पाहून विचार करता येईल, अशा रीतीने खेळ रचणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच हेतूने सांगितल्या आहेत.

आधी कुंपण घाला

जगातील सर्व युद्धे, सर्व देश आणि सर्व यंत्रे एकदम घेतली तर नवख्याला कुठूनच सुरुवात करता येत नाही. पहिल्या चार-पाच बैठकींसाठी १९३२ ते १९७१ या काळात आपल्या हवाई दलाने आणि भूदलाने वापरलेली, तसेच त्यांच्यासमोर आलेली यंत्रे एवढेच क्षेत्र ठरवावे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे चार वापिती विमानांसह पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. म्हणजे सुरुवातीचे कार्ड आपोआप वापितीचे होते. तेथून स्पिटफायर, डाकोटा, व्हॅम्पायर, तूफानी, मिस्टेअर, कॅनबेरा, हंटर, नॅट, मारुत आणि मिग-२१ अशी माळ सहज गुंफता येते. जमिनीवरही तसेच आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत चढवलेले स्टुअर्ट रणगाडे, १९६२ साली एएन-१२ विमानांतून चुशुलला उतरवलेले एएमएक्स-१३, १९६५ चे शर्मन, सेंच्युरियन आणि समोरचे पॅटन, १९७१ चे टी-५५, विजयंता आणि पाण्यात पोहणारे पीटी-७६ एवढी नावे घेतली तरी चाळीस वर्षांचा इतिहास त्या गठ्ठ्यात येतो. शक्तिमान ट्रक, जोंगा आणि जीप यांना मात्र विसरू नये. आपल्या भागातील जितक्या माणसांनी रणगाडा चालवला असेल, त्याहून कितीतरी अधिक माणसे या गाड्यांतून फिरली आहेत.

कुंपण घातल्यावर ते सर्वांना आधी सांगावे. खेळणाऱ्याला उत्तर कोणत्या गठ्ठ्यात आहे हे माहीत असणे ही फसवणूक नव्हे. त्यामुळेच तो तर्क करू शकतो.

पाहायला शिकणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. दुसऱ्या महायुद्धात आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्यासाठी निरीक्षकांना काळ्या छायाकृती दाखवून शिकवले जात असे. अमेरिकेत तर अशा छायाकृती छापलेले पत्त्यांचे जोड निघाले होते, म्हणजे जवान पत्ते खेळता खेळता विमाने ओळखायला शिकत. त्या काळी शिकवला जाणारा क्रम आजही उपयोगी पडतो: आधी पंख, मग इंजिन, मग धड आणि शेवटी शेपूट. डोळा भरकटू नये म्हणून हा क्रम प्रत्येक चित्राला न चुकता लावावा.

पंख पाहताना ते सरळ आहेत, मागे झुकलेले आहेत की त्रिकोणी आहेत, आणि ते धडाच्या वरच्या बाजूला जोडलेले आहेत की खालच्या, हे पाहावे. स्पिटफायरचे पंख लांबट गोलाकार, टोकाकडे निमुळते होत जाणारे असतात आणि एकदा ते नजरेत बसले की पुन्हा चूक होत नाही. मिग-२१ चा पंख त्रिकोणी असूनही त्याला मागे वेगळे आडवे शेपूट आहे, हा त्याचा मोठा विशेष आहे. कॅनबेराचे पंख रुंद असून दोन्ही इंजिने पंखांतच बसवलेली दिसतात. व्हॅम्पायरला तर धड मागेपर्यंत जातच नाही; पंखांपासून दोन दांडे निघतात आणि शेपूट त्यांच्यावर टेकलेले असते. १९४८ साली हवाई दलात आलेले हे आपले पहिले जेट विमान असल्याने त्याचे कार्ड गठ्ठ्यात असायलाच हवे.

त्यानंतर जेट विमान हवा कोठून आत घेते ते पाहावे. तूफानी, मिस्टेअर, मिग-२१, सुखोई-७ आणि पाकिस्तानचे सेबर ही सर्व विमाने नाकातून हवा घेतात. हंटर पंखांच्या मुळाशी असलेल्या फटींतून घेते. नॅट आणि मारुत धडाच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांतून घेतात. असे का, हे समजून घेतले तर लक्षात ठेवावे लागत नाही. नाकातून हवा घेणे हा इंजिनापर्यंत जाणारा सर्वांत सरळ मार्ग असतो, परंतु तेथे मोठे रडार बसवायला जागा उरत नाही. मिग-२१ मध्ये त्या तोंडाच्या मधोमध एक शंकू दिसतो. तो आवाजाहून अधिक वेगात आत येणाऱ्या हवेचा वेग इंजिनाला झेपेल इतका कमी करतो आणि रडारही त्याच्याच पोटात बसवलेले असते. पुढे रडार मोठी होत गेली तशी हवेची तोंडे बाजूंना सरकली. म्हणून एखाद्या अनोळखी लढाऊ जेटच्या नाकाला भोक दिसले, तर ते बहुधा जुन्या पिढीचे असावे असा अंदाज नवखाही करू शकतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

रणगाड्याच्या बाबतीत नवखा माणूस आधी तोफेकडे पाहतो. ते स्वाभाविक असले तरी चुकीचे आहे, आणि ही चूक मी स्वतः भर बैठकीत केली आहे. १९७१ च्या युद्धातील एका रणगाड्याचा फोटो मी कार्डावर चिकटवला होता. त्याच्या नळीच्या मध्यभागी एक फुगवटा होता. तोफ डागल्यावर नळीत उरलेला धूर टरेटमध्ये, म्हणजे नळी बसवलेल्या फिरत्या घुमटात, माणसांच्या तोंडावर येऊ नये म्हणून असा पोकळ फुगवटा बसवतात; गोळा निघताना त्यात वायू भरतो आणि नंतर तो पुढच्या दिशेने सुटून नळीतील धूर ओढत बाहेर नेतो. टी-५५ मध्ये हा फुगवटा अगदी तोंडाशी असतो हे मी वाचलेले होते, टी-६२ मध्ये तो मागे असतो हेही वाचलेले होते. म्हणून मी कार्डामागे बेधडक टी-६२ असे लिहिले. बैठकीला आलेल्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी ते कार्ड हातात घेतले, खिशातला बसचा पास काढून नळी आणि टरेट झाकले, फक्त चाकांची रांग उघडी ठेवली आणि म्हणाले, “आधी चाकं मोजा, मग नळीकडं बघा.” चाके पाच होती. पहिल्या आणि दुसऱ्या चाकांमध्ये ठळक मोकळी जागा होती आणि मागची चार जवळजवळ होती. ही टी-५५ ची खूण आहे. टी-६२ लाही पाचच चाके असतात, पण त्यातील मोठ्या फटी मागच्या चाकांमध्ये असतात.

मग नळीवरचा तो फुगवटा कसला? पाकिस्तानकडे त्या वेळी चिनी बनावटीचे टाइप-५९ रणगाडे होते आणि टाइप-५९ हा टी-५५ चा पूर्वज असलेल्या टी-५४ च्या नमुन्यावरच बनवलेला असल्याने, धुळीत आणि धुरात आपला टी-५५ कोणता आणि समोरचा टाइप-५९ कोणता हे कळणे अवघड होते. म्हणून आपल्या टी-५५ च्या नळ्यांवर मध्यभागी खोटे फुगवटे बसवण्यात आले, म्हणजे दुरूनही आपला रणगाडा वेगळा दिसावा. मी जी गोष्ट ओळखीची खूण मानली, ती मुळात ओळख बदलण्यासाठीच लावलेली होती. तेव्हापासून आमच्या गठ्ठ्यातील प्रत्येक रणगाड्याच्या कार्डावर चाकांची संख्या सर्वांत वर लिहिलेली असते.

चाकांचे तेवढे गणित नवख्याने एकदा पाठ करावे. टी-३४ आणि टी-५५ यांना एका बाजूला पाच चाके. सेंच्युरियनला सहा, पण ती पुष्कळदा बाजूच्या पत्र्याआड अर्धी झाकलेली. शर्मनलाही सहा, परंतु दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवलेली. पीटी-७६ ला सहा आणि वर नावेसारखे पसरट धड. चाके ठरली की मग टरेट, त्यानंतर नळी, आणि अखेरीस वर लावलेले दिवे, पेट्या आणि पिंपे, कारण ही सामग्री कधीही काढता-लावता येते आणि ती पाहून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. एएमएक्स-१३ चे टरेट मात्र याला अपवाद समजावे. त्यात नळी एकटी वर-खाली होत नाही, तर टरेटचा वरचा अर्धा भाग नळीसकट कलतो. खालच्या आणि वरच्या भागांच्या मधली ती सांध्याची रेषा दिसली की चाके मोजण्याचीही गरज उरत नाही.

कार्ड कसे बनवावे

आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरतो. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली काळी-पांढरी चित्रे रंगीत चित्रांपेक्षा बरी, कारण रंग आणि बोधचिन्हे पाहून ओळखण्याची सवय लागली की आकार पाहण्याची सवय लागत नाही. पुढे चित्र, मागे नाव आणि पाच सूचना, असा साधा ढाचा ठेवावा. माहिती किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ताडून पाहावी, आणि त्यातले एक छापील पुस्तक किंवा संग्रहालयातील फलक असावा. चित्राखाली कोणी लिहिलेले नाव तसेच उतरवू नये. वर सांगितलेल्या टी-५५ सारखे प्रकार वाटतात त्याहून अधिक वेळा घडतात.

सूचना लिहिण्याची कला

पाच सूचना अवघडापासून सोप्यापर्यंत उतरत्या क्रमाने वाचायच्या आणि पहिल्या सूचनेवर ओळखणाऱ्याला पाच गुण, दुसरीवर चार, याप्रमाणे शेवटच्या सूचनेवर एक गुण द्यायचा, ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. यात खरी कसोटी सूचना लिहिणाऱ्याची असते. उदाहरणादाखल मारुतचे कार्ड घेऊ. आमच्या एका सदस्याने पहिली सूचना लिहिली होती, ‘माझी एकूण १४७ विमाने बनली.’ ही माहिती खरी आहे, पण सूचना म्हणून ती निर्जीव आहे, कारण ज्याला आकडा पाठ आहे तोच उत्तर देईल आणि बाकीच्यांना त्या आकड्यावरून एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. असा आकडा उत्तर सांगून झाल्यावर सांगावा. तेव्हा तो लक्षात राहतो.

त्याऐवजी पुढील क्रम पाहावा. पाच गुणांची सूचना: ‘माझ्यात दोन इंजिने आहेत आणि त्याच जातीचे एकच इंजिन माझ्या एका चिमुकल्या समकालीनाला पुरत होते.’ ज्याला नॅटचे ऑर्फियस इंजिन आठवते तो येथेच थांबून विचार करू लागतो. चार गुणांची: ‘माझ्या मुख्य रचनाकाराने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० हे विमान रचले होते.’ तीन गुणांची: ‘१७ जून १९६१ रोजी बंगळूरला मी पहिले उड्डाण केले.’ दोन गुणांची: ‘आवाजाहून वेगवान होण्यासाठी माझी रचना झाली, पण योग्य इंजिन न मिळाल्याने ते साधले नाही, तरीही १९७१ साली राजस्थान आघाडीवर मी लढलो.’ एक गुणाची: ‘माझे नाव वाऱ्याच्या देवतेवरून पडले आहे.’ प्रत्येक सूचनेबरोबर शक्यता कमी होत जातात आणि कोणतीही सूचना वाया जात नाही. रचनाकाराचे आडनाव टँक होते, कुर्ट टँक, हे उत्तरानंतर सांगितले की मुलांना ते विमान कायमचे लक्षात राहते.

नॅटच्या कार्डावर पंखांचा विस्तार सात मीटरही नव्हता हे जरूर लिहावे, आणि लिहिल्यावर खोलीत ते अंतर पावलांनी मोजून दाखवावे. आमच्या वाचनालयाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत गेल्यावर, १९६५ साली सेबर विमानांशी झुंजलेले हे विमान या खोलीत जेमतेम मावले असते, हे दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर उमटलेले आम्ही पाहिले आहे.

सूचना लिहिताना काही शब्दांची काळजी घ्यावी लागते. ‘भारतीय’ हा त्यातील सर्वांत वादाचा शब्द. विजयंता तमिळनाडूतील आवडी येथे बनला, पण त्याची मूळ रचना ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीची. नॅट आपण बंगळूरला बनवले, पण त्याची रचना इंग्लंडमधील फोलंड कंपनीची. मारुतची रचनाही येथे झाली आणि बांधणीही. म्हणून ‘मी भारतीय आहे’ असे न लिहिता भारतात रचलेले, भारतात बनवलेले आणि भारतीय सैन्याने वापरलेले, असा फरक स्पष्ट करावा. तोच नियम ‘पहिला’ या शब्दाला लागू होतो. युद्धात उतरलेला पहिला रणगाडा म्हणजे ब्रिटनचा मार्क-१, ज्याने १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत प्रवेश केला. परंतु सर्व दिशांना फिरणारे टरेट वर आणि इंजिन मागे, ही आज आपल्याला परिचित असलेली मांडणी रूढ केली ती फ्रान्सच्या रेनो एफटीने. नुसते ‘पहिला रणगाडा’ असे लिहिले तर दोन्ही बाजूंना भांडायला जागा राहते. आणखी एक, कोणी किती विमाने पाडली किंवा किती रणगाडे निकामी केले असे आकडे प्रश्नात घेऊ नयेत. दोन्ही देशांचे दावे जुळत नाहीत आणि बैठकीचा वेळ त्यातच जातो.

हो किंवा नाही

दुसरा प्रकार प्रश्नांचा. कार्ड हातात असलेल्याने फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे आणि बाकीच्यांनी वीस प्रश्नांत यंत्र शोधायचे. यात नवख्याची नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्याच प्रश्नाला ‘मिग-२१ आहे का?’ असे विचारणे. उत्तर नाही आले तर चोवीसांपैकी एकच कार्ड बाद होते. उलट ‘जमिनीवर चालते का?’ असे विचारले तर उत्तर काहीही आले तरी जवळपास निम्मी कार्डे बाद होतात. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या करत गेले तर ६४ कार्डांतून एक शोधायला सहा प्रश्न पुरतात आणि वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक शक्यतांतून एक गाठता येते. हे गणित फळ्यावर मांडून दाखवले की मुले प्रश्न विचारण्यापूर्वी थांबून विचार करू लागतात. जमीन की आकाश, ट्रॅकवर (साखळीपट्ट्यांवर) चालते की चाकांवर, प्रोपेलर की जेट, एक इंजिन की दोन, १९६५ च्या युद्धात होते की नव्हते, असा क्रम सुरुवातीला फळ्यावर लिहून ठेवावा आणि दोन-तीन बैठकींनंतर पुसून टाकावा.

बैठक कशी चालवावी

सूचना वाचणारा एक आणि निर्णय देणारा दुसरा असावा. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा करावा, नाहीतर नुसते अंदाज फेकले जातात. मात्र चुकलेल्याने आपण तसे का म्हटले हे सांगितले आणि त्यात तथ्य असेल, तर तो गुण परत द्यावा. हा नियम आमच्याकडे सर्वांत जास्त टिकला. नाकाला भोक असलेले सुखोई-७ पाहून ‘मिग-२१’ म्हणणाऱ्या मुलाने “नाकातून हवा घेतंय म्हणून” असे कारण दिले, तर तो अर्ध्या वाटेवर बरोबर पोचलेला आहे; त्याला फक्त पंख त्रिकोणी नाही, मागे झुकलेला आहे, एवढेच दाखवायचे राहते. बक्षीस छोटे ठेवावे. आम्ही पाव किलो कंदी पेढे ठेवतो आणि ते सर्वांत वाटले जातात.

निवृत्त फौजी मंडळींना अगत्याने बोलवावे, परंतु त्यांना स्पर्धक म्हणून न बसवता प्रत्येक उत्तरानंतर दोन मिनिटे बोलायला द्यावीत. शक्तिमानचे स्टीअरिंग घाटात किती जड जायचे किंवा उन्हात रणगाड्याच्या आत काय होते, हे कोणत्याही कार्डावर लिहिता येत नाही.

काही कार्डे मात्र वेगळ्या मनाने वाचावी लागतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर आलेल्या सेबर विमानांशी नॅटमधून लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले. त्यांचे परमवीर चक्र हे हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव आहे. पूना हॉर्स या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १९६५ साली आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ साली सेंच्युरियन रणगाड्यांतून लढताना शहीद झाले आणि दोघांनाही परमवीर चक्र मिळाले. पंजाबमधील असल उत्तर या गावी १९६५ साली पॅटन रणगाड्यांसमोर जीपवर बसवलेली तोफ घेऊन उभे राहिलेले अब्दुल हमीद यांचेही तसेच. ही नावे एका गुणाची सोपी सूचना म्हणून वापरू नयेत. उत्तर ओळखून झाल्यावर ती शांतपणे सांगावीत, तारीख आणि हुद्दा बरोबर सांगावा आणि मगच पुढचे कार्ड उचलावे. आपल्या भागात त्याच खोलीत एखाद्या शहिदाच्या घरचे माणूस बसलेले असू शकते.

खेळ निवृत्त यंत्रांपुरता ठेवावा. सेवेत असलेली सामग्री, तळ किंवा चालू हालचाली यांचे फोटो गठ्ठ्यात आणू नयेत. मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलातून निवृत्त झाले असल्याने आता तेही जुन्या यंत्रांत मोडते.

प्रत्यक्ष पाहणे

चित्रावरून ओळखलेली वस्तू एकदा प्रत्यक्ष पाहावी. पुण्यातील राष्ट्रीय युद्ध स्मारक साताऱ्याहून एका दिवसात पाहून येता येते. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे आणि तेथे सेंच्युरियन, विजयंता, पॅटन ओळीने पाहता येतात. तेथे जाताना वही न्यावी आणि फलक वाचण्यापूर्वी चाके मोजून आपला अंदाज लिहावा. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात खरे मारुत ठेवलेले आहे. त्याच्या मागे जाऊन दोन इंजिनांची दोन तोंडे आणि कमरेसारखे मध्ये आवळलेले धड पाहिले की मघाची पाच गुणांची सूचना डोळ्यांसमोर उभी राहते.

शेवटची फेरी घरच्या फोटोची

प्रत्येक बैठकीची शेवटची फेरी अशा फोटोची ठेवावी, ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही. कोरेगावकडून येणाऱ्या एका मुलीने आपल्या पणजोबांचा फोटो आणला होता. पणजोबा जीपच्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते आणि गाडीचा फक्त पुढचा भाग दिसत होता. भिंग घेऊन पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजल्या. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड यांनी बनवलेल्या जीपच्या जाळीत नऊ फटी असतात आणि नंतरच्या नागरी जीपमध्ये सात. फोटोत सात भरल्या. बॉनेटही नेहमीपेक्षा उंच होते, दिव्यांच्या वर बरीच जागा सुटलेली होती. ही सीजे-३बी या नागरी जीपची खूण, कारण तिच्यात बसवलेले नवे इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले. हीच जीप महिंद्रने भारतात दीर्घकाळ बनवली. म्हणजे फोटो महायुद्धाच्या काळातला नव्हता, जसे घरात आजवर सांगितले जात होते, तर स्वातंत्र्यानंतरचा होता. मुलीने घरी जाऊन पणजोबांचे नोकरीचे कागद काढून वर्षे ताडून पाहायचे ठरवले. आम्ही त्या फोटोचे कार्ड केले आणि मागे पेन्सिलीने लिहिले: सीजे-३बी, फटी सात, बॉनेट उंच, साल ठरायचे आहे.